घरातला पाटकरी : वाय-फायच्या डब्याचे गुण आणि दोष

पूर्वी गावात शिरले की घरांवर टीव्हीच्या छत्र्या दिसत. छत्र्या आजही आहेत, पण त्यांच्या जोडीला आता खांबावरून घराकडे ओढलेली एक बारीक काळी केबल दिसू लागली आहे. ही केबल भिंतीतून आत जाते आणि एका लहानशा डब्यात शिरते. डब्याला दोन-चार शिंगे, पुढे हिरवे दिवे. कुणी त्याला मोडेम म्हणते, कुणी राउटर. बहुतेक घरांत त्याचे नाव नुसते 'वायफाय'. बारावीचा निकाल, सीईटीचा फॉर्म, पीक विम्याचा अर्ज, सातबाराचा उतारा, बाजार समितीचे भाव आणि संध्याकाळच्या मालिका, सगळे या डब्यातून घरात येते. आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी 'नेट गेलं' म्हणून बोंब होते, तीही याच डब्यापुढे.

तेव्हा हा डबा काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि त्याच्या कोणत्या दोषावर घरच्या घरी इलाज आहे, हे समजून घेतलेले बरे. ते न समजल्यामुळे लोक चार शिंगांच्या जागी सहा शिंगांचा महाग डबा आणतात आणि आतल्या खोलीत नेट होते तसेच रडत राहते.

केबल गावापर्यंत आली कशी, तेही थोडक्यात सांगायला हवे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूची केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ साली तिचे नाव 'भारतनेट' झाले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये पंचायतीपासून गावांपर्यंत जाण्यासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित योजनेला मंजुरी मिळाली. दरम्यान खाजगी कंपन्या आणि तालुक्याचे केबलवालेही गावागावांत पोहोचले. घरातल्या डब्यातून निघणाऱ्या लहरींना मात्र वेगळा परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या उपकरणांना केंद्राने २००५ सालीच परवान्यातून मोकळीक दिली. म्हणून तर हा डबा आज किराणा दुकानाच्या शेजारीही विकत मिळतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कालव्यावरचा पाटकरी पाणी तयार करत नाही. धरणातून जे सुटले ते पाळीपाळीने शेतांवर सोडायचे, एवढेच त्याचे काम. राउटरचे काम अगदी तसेच आहे. बाहेरून केबलने जे नेट आले, ते घरातल्या मोबाईल, टीव्ही, संगणक यांना तो पाळीने वाटतो. कालव्यालाच पाणी नसेल तर पाटकऱ्याशी भांडून काय उपयोग?

म्हणून नेट हळू झाले की पहिली परीक्षा करावी. मोबाईल घेऊन डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभे राहावे, बाकी सगळ्यांचे फोन थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगावे आणि वेग मोजावा. जवळ उभे राहूनही नेट हळूच असेल, तर दोष बहुधा लाईनचा, म्हणजे केबलवाल्याला फोन करायचा. जवळ चांगले आणि आतल्या खोलीत वाईट असेल, तर दोष घरातला. मग केबलवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. निम्मी भांडणे या एका परीक्षेने मिटतात.

जाहिरातीतल्या आकड्याचेही तसेच. '१०० एमबीपीएस' यातले 'बी' म्हणजे बिट. आठ बिट मिळून एक बाइट होते. म्हणजे १०० च्या लाईनवर एका सेकंदात फार तर साडेबारा एमबीची फाईल उतरते. कंपनीने फसवले असे वाटण्यापूर्वी हा आठाचा भागाकार करून पाहावा.

गुण मोठे आहेत

पहिला गुण म्हणजे एक लाईन आणि खाणारी तोंडे अनेक. घरात पाच मोबाईल असतील तर पाचांना रोजचा वेगळा डेटा घ्यावा लागत नाही. मुलगी ऑनलाईन क्लास पाहते, मुलगा फॉर्म भरतो, आजोबा कीर्तन ऐकतात, खर्च एकाच लाईनचा. मात्र सिमकार्ड जिवंत ठेवावेच लागते, कारण बँकेचा आणि सरकारी कामाचा ओटीपी त्यावर येतो. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेच पॅकही ठेवायला सांगितले. जे घराबाहेर नेट वापरत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांना डेटाचे रिचार्ज मारायची गरज नाही. दुकानदाराकडे हे पॅक मागून घ्यावे.

दुसरा गुण डोंगरातल्या, खोऱ्यातल्या आणि पत्र्याच्या घरांसाठी. घरात टॉवरची रेंज येत नाही, बोलायला अंगणात नाहीतर गच्चीवर जावे लागते, ही तक्रार जुनीच आहे. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे 'वाय-फाय कॉलिंग'ची सोय सुरू झाली. फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू केले, तर नेहमीच्या नंबरवरचा नेहमीचा कॉल राउटरमार्फत लागतो, टॉवर लागत नाही. फोनमध्ये आणि सिमच्या कंपनीत ती सोय असायला हवी, एवढीच अट. ती चालू नसेल तर ओटीपीचा एसएमएस टॉवरवरूनच यायचा, तिथे घरातला डबा काही मदत करत नाही.

तिसरा गुण स्थिरतेचा. जत्रेच्या किंवा बाजाराच्या दिवशी गावातला टॉवर गर्दीने गुदमरतो. केबलची लाईन घरापर्यंत वेगळी येत असल्यामुळे तिला ही झळ कमी बसते. गोठ्यावर, कांदा चाळीवर नजर ठेवायला कॅमेरा बसवायचा, तरी त्याला अशी दिवसरात्र चालणारी लाईन सोयीची.

पण हा डबा घराचा आहे, शिवाराचा नाही. बांधावर उभे राहून ई-पीक पाहणी करायची तर मोबाईलचेच नेट लागते. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टरही सिमवर चालतो. 'वायफाय घेतलं, आता रानातलंही काम होईल' अशी समजूत करून घेऊ नये.

मातीच्या भिंतीपुढे हात टेकले

आता दोषांकडे वळू. सगळ्यात मोठा दोष म्हणजे लहरी भिंतींना भितात. हे डबे ज्यांनी घडवले त्यांच्या डोळ्यांपुढे पातळ भिंतींची घरे असावीत, असे वाटण्याजोगी स्थिती आहे. उघड्यावर शंभर फूट सहज जाणारी लहर आपल्या वाड्याच्या दोन-अडीच फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीपुढे हात टेकते. कोकणात चिऱ्याची भिंत, देशावर दगडी जोते, नव्या घरात लोखंडी सळयांचा स्लॅब. प्रत्येक अडथळ्यागणिक ताकद घटते. पत्रा तर लहर परत फिरवतो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची भरलेली टाकी यांच्या मागे नेटची सावली पडते.

एवढे असून आपण डबा बसवतो कुठे? केबल जिथून घरात शिरली तिथेच, ओसरीच्या कोपऱ्यात, नाहीतर टीव्हीच्या मागे. कुणी तो देवळीत ठेवतो, कुणी धूळ बसू नये म्हणून कपाटात. मग निम्मे नेट रस्त्यावरच्या माणसाला मिळते आणि स्वयंपाकघर कोरडे राहते. केबल बसवायला माणूस येईल त्याच दिवशी त्याला सांगून डबा घराच्या मध्यावर, माजघरात, माणसाच्या उंचीच्या वर बसवून घ्यावा. दहा-पंधरा मीटर केबल जास्त लागेल, तेवढी लागू द्यावी. शिंगे उभी ठेवावीत, कारण उभ्या शिंगातून लहर आडवी चहूकडे पसरते. माडीवरही नेट हवे असेल तर एखादे शिंग आडवे करून पाहावे.

आजकालच्या बहुतेक डब्यांतून दोन नावांचे वाय-फाय निघते. एक २.४ गिगाहर्ट्झचे, दुसरे ५ चे. ५ चे म्हणजे शर्यतीचा बैल. धावायला चपळ, पण एका भिंतीतच दमतो. २.४ चा बैल सावकाश चालतो, पण चिखलातून गाडी काढतो. डब्यासमोर बसून काम असेल तर ५ ला जोडावे, आतल्या खोलीत किंवा अंगणात २.४ ला. स्वस्तातले कॅमेरे तर बहुधा २.४ वरच चालतात. ते ५ ला जोडले जात नाहीत म्हणून खराब समजून परत करू नयेत.

टेलची खोली

कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचे दुःख आपल्याला नवे नाही. घरातही एक टेलची खोली असते. राउटर एका वेळी एकाशीच बोलतो, दुसऱ्याला पाळी येईपर्यंत थांबावे लागते. हे इतके झरझर चालते की आपल्याला कळत नाही. पण लांबच्या खोलीतल्या फोनला लहर क्षीण मिळते, त्याच्याशी डब्याला सावकाश बोलावे लागते आणि तेवढ्याच कामाला त्याची पाळी जास्त वेळ खाते. त्यामुळे टेलला बसलेला एक जण व्हिडिओ पाहू लागला की जवळच्या सगळ्यांचे नेट मंदावते. दोष त्या मुलाचा नसतो, जागेचा असतो.

यावर बाजारात 'रिपीटर' मिळतो. तो लहर झेलून पुढे फेकतो. पण साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो. त्यातून जिथे नेट येतच नाही अशा खोलीत लोक तो लावतात. जो स्वतः ऐकू शकत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? लावायचाच तर डबा आणि टेलची खोली यांच्या मधोमध लावावा. त्याहून पक्का उपाय म्हणजे लॅनची वायर. मुख्य डब्यापासून ती ओढत न्यावी आणि टोकाला दुसरा साधा राउटर बसवावा. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. जाड भिंतींच्या लांबलचक वाड्याला याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. गोठ्यासारखी वेगळी इमारत असेल तर मात्र तांब्याची वायर उघड्यावरून नेण्याऐवजी काचेच्या तंतूची न्यावी. कारण पुढे येतेच आहे.

लाईट गेली, नेट गेलं

मोबाईलला बॅटरी असते, राउटरला नसते. लाईट गेली की घरातले नेट त्या क्षणी बंद. भारनियमनाच्या गावात हा दोष लहान नाही. तसे हे यंत्र विजेला खादाड नाही. साधारण १० वॅटचा डबा दिवसरात्र चालला तर महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज खातो. म्हणूनच त्याच्यासाठी मिळणारी १२ व्होल्टची छोटी यूपीएस लाईट गेल्यावर काही तास त्याला तगवून धरते. घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अॅम्पियर पाहून त्याच मापाची घ्यावी. डबा ९ व्होल्टचा आणि यूपीएस १२ ची, असा घोळ झाला तर डबा जळतो.

यूपीएस विकत घेण्याआधी केबलवाल्याला एक प्रश्न विचारावा, 'गावची लाईट गेल्यावर तुमची लाईन चालू राहते का?' काही ठिकाणी खांबावर किंवा चौकात त्याचीही यंत्रे लाईटवर चालतात. ती बंद पडली की तुमचा डबा हिरवे दिवे दाखवत बसेल, नेट काही येणार नाही.

वळवाच्या पावसात आणखी सावध राहावे. वीज कडाडली की विजेच्या तारांतून मोठा झटका घरात शिरतो आणि राउटरचा अॅडॉप्टर, त्यामागून राउटर जातो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण केबलला आधार म्हणून लोखंडी तार असू शकते, आणि लॅनची वायर तर तांब्याचीच. ढग जमू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही, अॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवावा. मात्र वीज डोक्यावर कडाडत असताना वायरींना हात लावायला जाऊ नये. डबा पुन्हा मिळेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अॅप विजेची आगाऊ सूचना देते, ते घरातल्या एका तरी फोनमध्ये असावे.

कुलूप नसलेले घर

पाचवा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत घातक. वाय-फायची लहर कुंपण ओळखत नाही. पासवर्ड नसेल, किंवा गावभर माहीत असेल, तर पारावर बसलेला कुणीही तुमच्या नावावर नेट वापरू शकतो. त्यात बिघडलं काय, थोडं नेट गेलं तर गेलं, असे काही जण म्हणतात. त्यांनी पुढची हकिकत लक्षात ठेवावी.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे जबाबदारी घेणारा ई-मेल पोहोचला. तपासात तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे निघाले. त्या माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता, त्याचे वाय-फाय दुसऱ्यांनी वापरले होते. पण तपास यंत्रणा पहिल्यांदा आली ती त्याच्याच दारात. जोडणी ज्याच्या नावावर, प्रश्न आधी त्यालाच विचारले जाणार. आज ऑनलाईन फसवणुकीचे दिवस आहेत. दुसऱ्याच्या उद्योगासाठी आपल्या घरातल्या माणसाला ठाण्याच्या चकरा माराव्या लागतील, ही शक्यता कल्पनेतली नाही.

दुसरे उदाहरण २०१६ सालचे. 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने मोठी अक्कल लढवली नव्हती. कारखान्यातून येताना यंत्राला जे नाव आणि पासवर्ड असतात, 'अॅडमिन-अॅडमिन'सारखे, त्यांची यादी घेऊन तो दारोदार फिरला. ज्यांनी ते बदलले नव्हते त्यांची दारे उघडली.

इलाज अर्ध्या तासाचा आहे. राउटरचे दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायला जोडायचा, दुसरा डब्याच्या आतल्या सेटिंगचा. दोन्ही बदलावेत. सुरक्षिततेचा प्रकार 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' ठेवावा. जुना 'डब्ल्यूईपी' हा प्रकार २००१ सालीच मोडीत निघाला आहे, तो असून नसल्यासारखा. 'डब्ल्यूपीएस' नावाचे बटण सेटिंगमध्ये बंद करावे. पाहुण्यांसाठी बऱ्याच डब्यांत 'गेस्ट' म्हणून वेगळे नाव देता येते, ते द्यावे, म्हणजे लग्नसराईत घरचा पासवर्ड गावभर होत नाही. आडनाव आणि मोबाईल नंबर हा पासवर्ड ठेवू नये. तो सगळ्या भावकीला पाठ असतो.

लहरींची भीती

उशाला डबा असेल तर आजार होतो का, असे आया-बाया विचारतात. अशा डब्याची ताकद साधारण वॅटच्या दहाव्या हिश्शाइतकी असते आणि अंतर दुप्पट केले की लहर चौथाई उरते. वायरलेस नेटवर्कच्या क्षीण लहरींनी अपाय होतो असा खात्रीचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांगितले. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना 'कदाचित' धोकादायक या यादीत ठेवले, तेही खरे. घाबरण्याचे कारण नाही. मन शंका घेत असेल तर डबा झोपायच्या खोलीबाहेर लावावा. तो घराच्या मध्यावर गेला तर नेटही सुधारेल.

तक्रार करण्याआधी

नेट बंद पडले की आधी दिवे पाहावेत. 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारा उजेडच तुटला आहे. केबल उसाच्या ट्रॉलीने तोडली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा कपाट सरकवताना घरातच दुमडली असेल. काचेच्या तंतूला कडक मोड चालत नाही. दिवे ठीक असतील तर डबा बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा चालू करावा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून 'रीसेट' मात्र करू नये. त्याने केबलवाल्याने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि तो येईपर्यंत घर बिननेटचे राहते.

मग डबा घ्यावा की नाही? घरात शिकणारी मुले आहेत, तीन-चार फोन आहेत आणि केबलवाला तक्रारीला येतो, असे असेल तर जरूर घ्यावा. घरात एकच माणूस आणि तोही दिवसभर रानात असेल, तर मोबाईलचे नेट पुरेसे आहे. शेजारच्याने घेतला म्हणून घेऊ नये. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर दोन दिवस आधी बसावे, फोनमध्ये थोडा डेटा हाताशी ठेवावा आणि राउटर बंद पडला तर त्याच फोनचा 'हॉटस्पॉट' कसा लावायचा, हे घरातल्या मुलींनाही शिकवून ठेवावे. पाळी चुकली की पीक वाळते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.